मुकाट पार्सर कसा लिहावा? नवशिक्यांसाठी दहा सोप्या पायऱ्या

अभिनंदन! टीममधला जो एकुलता एक माणूस बायनरी फाइली वाचणारा कोड सांभाळायचा, त्याने राजीनामा दिला आहे आणि ते काम तुमच्या गळ्यात पडलं आहे. लीड म्हणाले, "दोन दिवसांचं काम आहे, रूबीत पटकन होऊन जाईल." हे त्यांना कुणी सांगितलं, ते विचारायचं नसतं.

घाबरू नका. या मार्गदर्शिकेचं ध्येय अगदी आवाक्यातलं आहे: कधीही तक्रार न करणारा पार्सर. अचूक पार्सरचा नाद सोडा. अचूक पार्सर अधूनमधून ओरडतो, आणि तो ओरडला की रात्री अडीच वाजता तुमचा फोन वाजतो. मुकाट पार्सर ओरडत नाही. आकडे चुकतात, नाही असं नाही. पण ते दुसऱ्याच्या विभागात चुकतात, आणि तेही ऑफिसच्या वेळेत.

आधी थोडी पार्श्वभूमी. समजा, एका सोसायटीच्या पाण्याच्या मीटरमधून रोज एक फाइल येते. दिवसाचे २४ तास, तासाला एक आकडा, आकड्याला २ बाइट. एकूण ४८ बाइट. मधे स्वल्पविराम नाही, शेवटी पूर्णविराम नाही, 'आकडे इथे संपले' अशी पाटी नाही. फाइलभर शोधलंत तरी २४ हा आकडा कुठेही लिहिलेला सापडणार नाही. तो लिहिणाऱ्याच्या डोक्यात होता आणि वाचणाऱ्याच्याही डोक्यात असेल, असं सगळ्यांनी गृहीत धरलं आहे. ठरावीक लांबीचा अ‍ॅरे म्हणतात तो हाच. सी भाषेत ही लांबी निदान जाहीर करावी लागते. रूबीच्या अ‍ॅरेला लांबीचं बंधनच नाही. पाच खान्यांच्या अ‍ॅरेत दहाव्या खान्यात काही ठेवायला गेलात, तर रूबी मधले खाने निलने भरून जागा करून देते. इतक्या आतिथ्यशील भाषेत मुकाट पार्सर लिहिता आला नाही, तर दोष आपलाच.

आणि 'बायनरीशी माझा काय संबंध' असं म्हणू नका. तुम्ही जेम इन्स्टॉल करता ना? जेमची फाइल म्हणजे साधी टार फाइल. तिच्यातल्या प्रत्येक नोंदीला ५१२ बाइटांचं हेडर असतं: नावाला १०० बाइट, आकाराला १२, तारखेला १२, असं सगळं आखून दिलेलं. रूबीजेम्स ते रोज बिनबोभाट वाचतं. म्हणजे तुम्ही या धंद्यात आधीपासूनच आहात.

१. स्पेसिफिकेशन वाचू नका

पीडीएफ डेस्कटॉपवर ठेवा. नाव डोळ्यांसमोर राहिलं की वाचल्याचं समाधान मिळतं. नमुना फाइल मागून घ्या, पण एकच. दोन मागवल्यात तर त्या एकमेकींशी जुळणार नाहीत आणि उगाच प्रश्न उभे राहतील. ती एक फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडा आणि जे दिसेल तो नियम समजा. चौथा बाइट शून्य दिसला? मग तो नेहमीच शून्य असतो. नाव आठ अक्षरांत संपलं? मग कुणाचंच नाव आठ अक्षरांहून लांब नसतं. शास्त्रात याला अनुमान म्हणतात. आपल्याकडे याला डेडलाइन म्हणतात.

२. अक्षरं निवडा, अर्थ नंतर पाहू

रूबीत बायनरी वाचायचा राजमार्ग म्हणजे स्ट्रिंगची अनपॅक ही मेथड. ती पर्लकडून आली आणि येताना तिथली मंत्राक्षरंही घेऊन आली. कॅपिटल सी म्हणजे एक बाइट. स्मॉल एन म्हणजे दोन बाइट, वजनदार बाइट आधी. कॅपिटल एन म्हणजे तसेच चार. स्मॉल व्ही आणि कॅपिटल व्ही म्हणजे तेच, पण उलट्या क्रमाने. पाण्याच्या मीटरला स्मॉल एन लावा, पुढे २४ लिहा. २४ आकडे हातात येतात.

आता गंमत. तोच २४ स्मॉल ए या अक्षरापुढे लिहिलात तर २४ गोष्टी येत नाहीत, २४ बाइटांची एकच स्ट्रिंग येते. म्हणजे आकड्यांच्या अक्षरापुढे संख्या म्हणजे 'किती वेळा' आणि स्ट्रिंगच्या अक्षरापुढे संख्या म्हणजे 'किती लांब'. प्रत्येकी २४ बाइटांची पाच नावं हवी असतील तर 'ए-२४' हा तुकडा पाचदा लिहावा लागतो, किंवा रूबीत त्या तुकड्याला थेट पाचाने गुणता येतं. तुम्ही मात्र १२० बाइटांची एकच स्ट्रिंग घ्या आणि रिकाम्या जागेवर तोडा. नमुना फाइलमधल्या पाचही लोकांनी फक्त पहिलं नाव लिहिलं असेल, तर काहीच बिघडणार नाही. आडनाव लिहिणारा माणूस येईपर्यंत तुमचं प्रमोशन झालेलं असेल.

आणखी एक सोय: अनपॅक सगळं एकाच ढिगात ओतते. फाइलला हेडर असलं आणि त्याचे चार एकबाइटी आकडे, मग चोवीस वाचनं, मग एक चार बाइटांचा बेरजेचा आकडा असं मागितलंत तर २९ घटकांचा एक सपाट अ‍ॅरे मिळतो. कुठला अ‍ॅरे कुठे संपला, हे त्यात कुठेच नसतं. मग कोडमध्ये सरळ '४ ते २७' असं लिहा. या आकड्यांना नाव देऊ नका. सुरुवातीला कुणी एक फील्ड वाढवलं की सगळं एका घराने सरकेल आणि हेडरमधला आकडा पहिल्या तासाचं पाणी म्हणून येऊन बसेल.

३. बाइटांचा क्रम चाचपडून ठरवा

कुठलं टोक आधी, हा वाद जुना आहे. डॅनी कोहेन यांनी १ एप्रिल १९८० च्या आपल्या लेखात गलिव्हरच्या प्रवासातल्या अंडं फोडण्याच्या भांडणावरून दोन्ही पक्षांना नावं दिली आणि शांततेचं आवाहन केलं. शांतता अर्थातच झाली नाही. तुम्ही पक्ष घेऊ नका. आधी स्मॉल एन लावून पाहा; आकडा भयंकर दिसला तर स्मॉल व्ही लावा. जो बरा दिसेल तो खरा.

ही पद्धत कुठे फसते? नकाशांच्या शेपफाइलमध्ये. तिचं हेडर १०० बाइटांचं. पहिल्या चार बाइटांत ९९९४ हा ओळखीचा आकडा वजनदार बाइट आधी ठेवून लिहिलेला असतो. तो उलटा वाचलात तर १७,०३,२८,०६४ येतो. ठीक, मग सगळं हेडर सुलट वाचू या? नाही. २८ व्या बाइटापासून आवृत्तीचा १००० हा आकडा बरोबर उलट क्रमाने येतो, आणि पुढचे अक्षांश-रेखांशही तसेच. एकाच हेडरमध्ये दोन्ही पक्षांचं आघाडी सरकार. अशा वेळी स्पेसिफिकेशन उघडायचा मोह होईल. आवरा. प्रत्येक फील्डला दोन्ही क्रम लावून पाहा आणि नकाशावर तुमचं गाव समुद्रात गेलं नाही ना, एवढं तपासा.

४. फाइल साध्या मोडमध्ये उघडा

रूबीत बायनरी फाइल वाचायला फाइल-बिनरीड नावाची मेथड आहे आणि उघडताना 'आरबी' असा मोडही देता येतो. दोन्ही टाळा. साधं फाइल-रीड लिहा. टाइप करायला कमी लागतं.

विंडोजवर हा निर्णय फार फळाला येतो. तिथे साध्या मोडमध्ये १३ आणि १० हे दोन बाइट लागोपाठ आले की रूबी त्यांना ओळीचा शेवट समजते आणि १३ गिळून टाकते. पाण्याच्या मीटरमध्ये ही जोडी कधी येते? एखाद्या तासाला बरोबर ३३३८ लिटर पाणी गेलं की. एरवी वर्षभर काही होत नाही. मग एका सकाळी सोसायटी ३३३८ लिटर वापरते, एक बाइट गायब होतो, आणि पुढचा प्रत्येक आकडा अर्धा स्वतःचा आणि अर्धा शेजारचा होतो. त्या तासाला २५६२ लिटर दिसतात. पुढे दर तासाला ६०० लिटर गेले असतील तर ते २२,५३० दिसतात. सेक्रेटरी प्लंबर बोलावतात, प्लंबर टाकी फोडतो. पार्सरकडे कुणी पाहतही नाही.

पीएनजीच्या कर्त्यांना मात्र ही गोष्ट आधीच ठाऊक होती. त्यांच्या फाइलच्या पहिल्या आठ बाइटांत १३, १० आणि पुढे २६, १० असे आकडे मुद्दाम पेरलेले आहेत. वाटेत कुणी ओळींचे शेवट 'सुधारले' की पहिल्या आठ बाइटांतच चोरी पकडली जाते. इतकं संशयी राहणं बरं नव्हे.

लिनक्सवर हा बाइट गिळला जात नाही, पण निराश होऊ नका. तिथे लांबी मोजायला बाइटसाइझऐवजी लेंग्थ वापरा. स्ट्रिंग यूटीएफ-८ समजली गेली असेल तर लेंग्थ अक्षरं मोजते, बाइट नव्हे. मीटरच्या आकड्यांत योगायोगाने एखादं तीन बाइटांचं वैध अक्षर तयार झालं की ४८ बाइट ४६ भरतात. आणि असं रोज होत नाही, हीच त्यातली कलाकुसर.

५. फाइल अपुरी आली तर निलचं स्वागत करा

ही सर्वांत महत्त्वाची पायरी, जरा सावकाश वाचा.

नेटवर्क गेलं, मीटर बंद पडला, फाइल १७ तासांवर तुटली. ४८ ऐवजी ३४ बाइट आले. तुम्ही ४८ मागितले होते. रूबीची रीड मेथड काय करते? आहेत तेवढे देते. पदरी पडलं पवित्र झालं. मग अनपॅककडे २४ आकडे मागितले. ती १७ देते आणि उरलेल्या सात जागांवर निल ठेवते. एरर नाही, इशारा नाही. अ‍ॅरेची लांबी मोजून पाहा: बरोबर २४! लांबी तपासणारा माणूससुद्धा समाधानाने घरी जातो. ३५ बाइट आले असते, तर तो एकटा उरलेला बाइटही तिने कुठल्याही गाजावाजाशिवाय सोडून दिला असता. आणि अ‍ॅरे आकड्यांचा नसून स्ट्रिंग असती, तर निलही मिळालं नसतं. ३० बाइट मागा, १२ असतील तर १२ चीच स्ट्रिंग येते.

आता हे सात निल पुढे बेरजेत अडकतील आणि एकदाची एरर येईल, अशी भीती आहे. तीही सुटते:

अ) टू-आय लावा. निलला टू-आय विचारलं की रूबी शून्य सांगते. संध्याकाळी पाचपासून मध्यरात्रीपर्यंत सोसायटीत कुणी पाण्याला हात लावला नाही, असा अहवाल तयार होतो. पाणीबचतीचा पुरस्कारही मिळू शकतो.

आ) कॉम्पॅक्ट लावा. निल नाहीसे होतात, १७ आकडे उरतात. सरासरी १७ ने भागून निघते आणि फार सुंदर दिसते. संध्याकाळची गर्दी तिच्यात नाही, पण ते कोण सांगणार?

इ) प्रत्येक टिंबाआधी अँपरसँड लावा. ही सोय रूबी २.३ पासून आहे. निल आला की पुढची साखळी शांतपणे निलच देत राहते. चूक जिथे झाली तिथून ती जितकी दूर उघडकीला येईल, तितकी ती तुमची राहत नाही.

तिन्ही उपायांची उत्तरं वेगवेगळी येतात. एकाच प्रोजेक्टमध्ये तिन्ही वापरा, म्हणजे तीन रिपोर्ट जुळत नाहीत आणि सगळा दोष डेटावर जातो.

६. नावं कापा, मग शिवा

ठरावीक लांबीचा अ‍ॅरे आकड्यांचा असला तर पोट दुखतं, अक्षरांचा असला तर डोकं.

एमपीथ्री गाण्याच्या शेवटच्या १२८ बाइटांत जुना आयडीथ्री टॅग असतो. एरिक केम्प यांनी तो १९९६ मध्ये आणला. 'टॅग' हे तीन बाइट, मग शीर्षक ३०, कलाकार ३०, अल्बम ३०, वर्ष ४, शेरा ३०, आणि गाण्याच्या प्रकाराला १. बेरीज करून पाहा, बरोबर १२८ येते. इंग्रजी शीर्षकांना तीस बाइट बऱ्यापैकी पुरतात. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट खातं, आणि काना, वेलांटी, हलन्त हीसुद्धा स्वतंत्र चिन्हं. म्हणजे मराठी शीर्षकाला जेमतेम दहा चिन्हं. समजा, तुम्ही स्वतः एक गाणं रेकॉर्ड केलं आणि नाव ठेवलं 'पाऊस आणि भजी'. दहा चिन्हं, दोन रिकाम्या जागा, एकूण ३२ बाइट. पॅक मेथडला ३० सांगितले होते. ती ३० वर कात्री लावते आणि गप्प बसते. 'भज'पर्यंत २९ बाइट झाले, तिसावा बाइट वेलांटीचा पहिला तुकडा. पाऊस आहे, भजी अर्धी आहे.

वाचताना ही अर्धी वेलांटी रूबीला खटकते: स्ट्रिंग अवैध. मग स्क्रब लावा. ही मेथड २.१ पासून अशाच कामासाठी आहे. तुटक्या बाइटाच्या जागी ती चौकटीतलं प्रश्नचिन्ह बसवते. नाव स्वच्छ झालं. फक्त त्या प्रश्नचिन्हालाही तीनच बाइट लागतात, म्हणून दुरुस्त नाव पुन्हा ३२ बाइटांचं होतं. ते परत फाइलमध्ये लिहिलंत की पुन्हा ३० वर कापलं जातं, आणि आता प्रश्नचिन्हाचाच तुकडा उरतो. हे चक्र मनाला येईल तितके वेळा चालवता येतं.

अक्षर कुठलं वापरावं? तीन आहेत. स्मॉल ए जसंच्या तसं देते, मागच्या शून्य बाइटांसकट. कॅपिटल ए मागच्या रिकाम्या जागा आणि शून्यं दोन्ही छाटते. झेड पहिल्या शून्यापाशी थांबते. स्मॉल ए वापरा. 'लता' आणि 'लता' अशी दोन नावं स्क्रीनवर अगदी एकसारखी दिसतील, पण एकीच्या मागे २१ अदृश्य शून्यं असल्याने तुलना केली की उत्तर खोटं येईल. नवशिक्यांना वेड लावायला याहून स्वस्त साधन नाही. झेडवर आंधळा भरवसा ठेवणाऱ्यांसाठीही टार फाइलने सोय केली आहे: नाव नेमकं १०० बाइटांचं असेल तर त्याच्या शेवटी शून्य नसतंच. शून्य दिसेपर्यंत वाचत जाणारा पार्सर नावाच्या शेपटीला पुढच्या फील्डमधली परवानग्यांची अंकमाला जोडून मोकळा होतो.

७. मोकळ्या जागा मोकळ्या समजा

लिनक्सवर कोण कधी लॉगिन झालं याची यूटीएमपी नावाची नोंद असते, ३८४ बाइटांची. तिच्या सुरुवातीला दोन बाइटांचा प्रकार, मग चार बाइटांचा प्रोसेस क्रमांक. दोन आणि चार सहा, असं तुम्ही म्हणाल. पण कंपायलरने चाराच्या पटीत बसवण्यासाठी मधे दोन बाइट कोरे सोडलेले असतात. असून अडचण, नसून खोळंबा. ते मोजायला विसरलात की पुढचे ३७६ बाइट दोन घरं मागे सरकतात. विसराच. शेवटी २० बाइटांचा एक अ‍ॅरे 'न वापरलेला' म्हणून राखून ठेवलेला आहे. शेपफाइलच्या हेडरमध्येही असे पाच रिकामे पूर्णांक आहेत.

राखीव जागा दिसली की तिथे आपलं सामान ठेवायचं, ही तर परंपराच आहे. आयडीथ्री टॅगमध्ये गाण्याचा क्रमांक ठेवायला जागा नव्हती. १९९७ मध्ये मायकेल मुचलर यांनी उपाय काढला: शेऱ्याच्या तीस बाइटांतले शेवटचे दोन घ्यायचे, पहिला शून्य आणि दुसरा क्रमांक. मग वाचणाऱ्याने कसं ओळखायचं? शेवटून दुसरा बाइट शून्य आणि शेवटचा शून्य नसेल तर क्रमांक, नाहीतर शेरा. कुणा जुन्या प्रोग्रामने शेरा संपल्यावर मागे कचरा सोडला असेल, तर तुमच्या भावगीताचा क्रमांक १७३ निघू शकतो. तो तसाच दाखवा. श्रोता गाणी मोजत बसत नाही.

८. लायब्ररी घ्या, मग तिचं तोंड बंद करा

एवढं सगळं हाताने कशाला, असं कुणी सुचवेल. बाइनडेटा नावाचं जेम आहे. रचना एकदा जाहीर करायची, वाचायचं काम ते करतं. कैताई स्ट्रक्ट आहे; एका यामल फाइलमध्ये वर्णन लिहा, ते रूबीचा कोड तयार करून देतं. दोन्ही छान आहेत आणि दोघांनाही एक वाईट खोड आहे: बाइट कमी पडले की ती एरर देतात. कैताई तर किती मागितले आणि किती मिळाले, हेही आकड्यांसह सांगतं. अशा चुगलखोरांसाठी रूबीत रेस्क्यू आहे. ओळीच्या शेवटी 'रेस्क्यू निल' एवढं लिहा आणि पाचव्या पायरीवर परत या.

बाइनडेटात एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. अ‍ॅरेची लांबी सांगायच्या पर्यायाचं नाव इनिशियल लेंग्थ. म्हणजे सुरुवातीची लांबी. शेवटचीही तीच राहील असं वचन त्यात नाही. २४ खान्यांच्या अ‍ॅरेत २५ वा खाना नुसता डोकावून पाहिलात, काही लिहिलं नाहीत, तरी अ‍ॅरे वाढतो आणि तिथे शून्य येऊन बसतं. फाइल परत लिहिलीत की दिवस पंचवीस तासांचा होतो. साध्या रूबी अ‍ॅरेत नुसतं पाहिल्याने निल मिळतं, वाढायला लिहावं लागतं. इथे दृष्टी पडली तरी पुरते.

अ‍ॅरेंचा अ‍ॅरे हवा असेल तर, उदाहरणार्थ सोसायटीच्या चार विंगा, अ‍ॅरे-न्यूला ४ सांगा आणि दुसऱ्या जागी कोरा अ‍ॅरे द्या. ब्लॉक देऊ नका. मग चारही खान्यांत एकच अ‍ॅरे चार वेळा बसतो. ए विंगेचं पाणी लिहिलं की ते बी, सी आणि डी विंगेतही दिसतं. पाण्याचं इतकं समान वाटप आजवर कुठल्याही वार्षिक सभेत झालेलं नाही.

९. फाइल जे सांगेल ते माना

काही रचनांत २४ खाने ठरलेले असतात, पण शेजारी एक आकडा सांगतो की त्यातले पाचच भरलेत. इथे दोन मार्ग आहेत. पाचच वाचा, मग पुढचं फील्ड १९ खाने अलीकडे येऊन आदळतं. किंवा चोवीस वाचा आणि चोवीसही वापरा; मग उरलेल्या १९ खान्यांतला मागच्या महिन्याचा कचरा चालू बिलात येतो. चोवीस वाचून पाचच वापरायचे, असा तिसरा मार्गही आहे म्हणतात. तो गर्दीत सापडत नाही.

आणि तो शेजारचा आकडा चार बाइटांचा असेल तर त्याच्यावर पूर्ण श्रद्धा ठेवा. फाइल खराब होऊन तिथे ४२९ कोटींच्या वरचा आकडा आला तरी तेवढा अ‍ॅरे आधीच तयार करायला घ्या. खान्याला आठ बाइट धरले तर साधारण ३४ जीबी. सर्व्हर बसला की लोक सर्व्हरवाल्यांना फोन करतात.

समोरच्याने सांगितलेली लांबी न तपासता मानल्याने काय होतं, हे जगाने एप्रिल २०१४ मध्ये पाहिलं. ओपनएसएसएलमधल्या हार्टब्लीड दोषात पाठवणारा मूठभर बाइट पाठवून '६४ हजार पाठवले' असं सांगू शकत होता, आणि सर्व्हर तितके परत करताना स्वतःच्या मेमरीतलं वाटेल ते देऊन टाकायचा. तो सी भाषेतला प्रकार होता, रूबीत असं होत नाही, असं म्हणत छाती फुगवू नका. मार्च २०१८ मध्ये खुद्द अनपॅकमधला दोष दुरुस्त करावा लागला: जागा सांगणाऱ्या अ‍ॅट चिन्हापुढे अवाढव्य आकडा दिला की तो ऋण समजला जाई आणि स्ट्रिंगच्या आधीची मेमरी वाचता येई. जुनी रूबी वापरत असाल तर अपग्रेड करू नका. नव्या रूबीला तशाही वाईट सवयी लागत चालल्या आहेत, ३.३ पासून अनपॅकला अनोळखी अक्षर दिलं तर ती थेट एरर देते.

१०. रिव्ह्यूतल्या विघ्नसंतोषींना हाताळा

प्रत्येक टीममध्ये एक तरी असा प्राणी असतो. तो म्हणेल: अनपॅक करण्याआधी बाइटसाइझ ४८ आहे का पाहा, नसेल तर तिथेच एरर द्या, आणि एररमध्ये किती हवे होते, किती आले, फाइलमध्ये कुठल्या जागी आले, हे लिहा. तो २४ या आकड्याला एक नाव देईल आणि ते एकाच ठिकाणी ठेवेल. हेडरवाली फाइल असेल तर सपाट ढिगातून चार, चोवीस आणि एक असे तुकडे नावांनीच काढेल. नमुना फाइल स्वतःच्या हाताने ४७ बाइटांवर तोडून, ४९ पर्यंत वाढवून आणि पूर्ण रिकामी करून अशा तीन चाचण्या लिहील. वाचून झाल्यावर फाइलमध्ये काही उरलं का, हेही तपासेल. सगळं मिळून पंधरा-वीस ओळी होतात.

त्याला उत्तरं तयार ठेवा. "क्लायंटची फाइल नेहमी पूर्णच येते." "हे पुढच्या स्प्रिंटमध्ये घेऊ." "प्रॉडक्शनला एरर दिसली तर लोक घाबरतात." शेवटचं वाक्य विशेष परिणामकारक, कारण ते खरं आहे. लोक खरोखर घाबरतात आणि घाबरले की फाइल तपासतात. नेमकं तेच आपल्याला नको आहे. तरीही तो ऐकत नसेल तर त्याला दुसऱ्या प्रोजेक्टवर सुचवा. "फार बारकाईने काम करतो" अशी शिफारस केलीत की कुणीही आनंदाने घेऊन जातं.

या दहा पायऱ्या पार केल्या की पार्सर चालू राहील आणि सोसायटीचं पाणीबिल दर महिन्याला वेगळंच येत राहील. तेव्हा नोटीस पीरियड सुरू करा. केटीच्या, म्हणजे काम सोपवण्याच्या, बैठकीत सांगा, "कोड सेल्फ-एक्स्प्लेनेटरी आहे." रेझ्युमेत लिहा: बायनरी पार्सर, प्रॉडक्शनमध्ये आजवर एकही एरर नाही. मुलाखतीला पाच जण बसले तरी ते हे खोटं पाडू शकणार नाहीत. त्यातला एखादा 'अपुरी फाइल आली तर काय होतं?' असं विचारेल. त्या कंपनीत जाऊ नका. तिथे काम करावं लागेल.